काटकोनात वळलेली भेग

आमच्या गल्लीत ‘लाईट गेली’ असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणाऱ्याने आधी डावीकडे बघायचं, गनीचाचा ओट्यावर नाहीत याची खात्री करायची आणि मगच तोंड उघडायचं. ते ओट्यावर असले की संपलंच.

“गेली? चप्पल घालून गेली काय?” ते तिथूनच विचारत. “बंद केली म्हन. कोनंतरी हात लावून बंद केली. लाईट आपल्या मनानं कुठंच जात नाही.”

ती वर्षं भारनियमनाची होती. कापसाचे भाव पडले होते, गावातल्या निम्म्या जिनिंगांना कुलपं लागली होती आणि आमच्या भागात वीज सकाळी पावणेतीन तास व दुपारी तीन तास बंद असे. त्यामुळे ते दोन शब्द दिवसातून दोनदा तरी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघतच आणि गनीचाचाही दिवसातून दोनदा भडकत. एकदा माझ्या सासूबाई मारेगावहून आल्या होत्या. त्यांना हा नियम ठाऊक नव्हता. पंखा थांबला तशा त्या दारात येऊन म्हणाल्या, “बाप्पा, इथंबी लाईट गेली काय?”

समोरून उत्तर आलं, “बसा, येते. भाजी आनाले गेली बाजारात.”

सासूबाई आत येऊन माझ्या बायकोला विचारू लागल्या, ही लाईट नावाची सून कोणाची म्हणून.

अब्दुल गनी यवतमाळच्या जुन्या पॉवरहाऊसमध्ये इंजिन ड्रायव्हर होते. इंजिन म्हणजे रेल्वेचं नव्हे, तेलावर चालणारं, जागच्या जागी फिरणारं, वीज तयार करणारं. बाहेरून वीज यायच्या आधी गावाची स्वतःची वीज होती. एका खाजगी कंपनीची तीन इंजिनं होती. दिवसा ती जिनिंगांचे पट्टे फिरवत आणि संध्याकाळी गावातले दिवे लावत. पुढे मोठ्या तारा आल्या, कंपनी बंद झाली, इंजिनं तुकडे करून भंगारात गेली. गनीचाचांना पर्यायी नोकरी मिळाली ती मीटर वाचायची. ती त्यांनी निवृत्तीपर्यंत केली, पण तिचा उल्लेख ते कधी करत नसत. मी त्यांच्यापासून चौथ्या घरात राहतो. पेशाने नकाशे काढणारा. एस. टी. स्टँडजवळ एका इंजिनिअर साहेबांचं ऑफिस आहे, तिथे एकवीस वर्षं मी ड्राफ्ट्समन आहे. आकडे बरोबर असले की मला बरं वाटतं.

चाचांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा ती लक्षात ठेवणं त्यांना गरजेचं वाटत नसे. ते जुन्या कंपनीचा ग्राहक क्रमांक घेऊन हाक मारत. माझ्या वडिलांचं कनेक्शन दोनशे अकरा, म्हणून मीही दोनशे अकरा. कोपऱ्यावरचे डॉक्टर अठ्ठावीस. कंपनी गेल्यानंतर ज्यांनी वीज घेतली ते सगळे ‘बिननंबरी’. आमच्या वॉर्डाचे निवडून आलेले सदस्य बिननंबरी होते. मत मागायला आले तेव्हा चाचांनी त्यांना ओट्याखालीच उभं ठेवलं. “अठ्ठाविसाच्या आधी तुमाले कायले चहा देऊ?”

त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने रोजची नोंद असे. बंद नऊ दोन, चालू अकरा सत्तेचाळीस. दुपारचीही तशीच. गल्लीला वाटे, म्हातारा वीज जास्त वेळ बंद राहते म्हणून चिडतो. तसं नव्हतं. त्यांचा राग होता तो दोन मिनिटांवर. नऊची वेळ दिली आहे तर नऊला बंद करा. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून ते वीज मंडळाच्या ऑफिसात फोन करून विचारत, “दोन मिनिटं कायची वाट पाहून राह्यले होते तुमी?” उशिरा बंद केल्याची तक्रार करणारा माणूस तिकडच्या लोकांनी दुसरा पाहिला नसेल. पहिल्या दिवशी त्यांनी माफी मागितली म्हणे, नंतर फोन उचलायचे बंद झाले. मी एकदा माझ्या घड्याळाने आठ दिवस ताडून पाहिलं. चाचांच्या नोंदी आठही दिवस बरोबर निघाल्या.

मी इन्व्हर्टर घेतला तेव्हा त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. माझ्याशी म्हणजे फक्त माझ्याशी. माझ्या बायकोला त्यांनी रस्त्यात सांगितलं, “त्याले म्हना, बाटलीतली लाईट पेतं काय आता?”

आता त्या जुन्या पॉवरहाऊसच्या इमारतीबद्दल. ती गल्लीच्या टोकाला आहे. लोक तिला गोदाम म्हणत, कारण मधली बरीच वर्षं तिथे कापसाच्या गाठी आणि बारदाना ठेवत. चाचा तिला ‘हॉल’ म्हणत. कोणी गोदाम म्हटलं की ते दुसऱ्या कोणत्यातरी गोदामाचा पत्ता सांगून त्याला तिकडे पाठवून देत.

मी माणसांचं वर्णन नीट करू शकत नाही, इमारतीचं करू शकतो. लांबी ब्याण्णव फूट, रुंदी अडतीस, तुळईपर्यंत उंची एकतीस. जोतं काळ्या दगडाचं, वर लाल वीट, सगळं चुन्यात बांधलेलं. लांबीच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ कमानदार खिडक्या, एकेक माणसाच्या दुप्पट उंच, प्रत्येकीत एकवीस काचा. म्हणजे तीनशे छत्तीस. छपराच्या मधोमध दुसरं छोटं छप्पर उचललेलं, त्याच्या फटीतून इंजिनांची उष्णता वर निघून जावी म्हणून. आतल्या भिंतींना ठरावीक अंतरावर विटांचे जाड खांब बाहेर काढलेले आहेत. त्यांच्या डोक्यावर लोखंडी रूळ आहेत आणि त्यांवरून उचलयंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचं. इंजिनाचा एखादा भाग उघडायचा तर तो उचलून वाटेल तिथे नेता येई. आज कोणी असा हॉल बांधायला सांगितला तर आमचे साहेब अर्धे खांब कमी करतील आणि खिडक्यांच्या जागी पत्रा लावतील. दारावर दगडी पाटी आहे, तिच्यावर कंपनीच्या मालकाचं नाव.

चाचा रोज सकाळी या इमारतीला बाहेरून एक फेरी मारत आणि शाबूत काचा मोजत. गेल्या उन्हाळ्यात त्या एक्केचाळीस होत्या. एक फुटली की तो दिवस सगळ्या गल्लीला जड जाई.

“तिन्ही इंजिनं चालू असले ना,” ते सांगत, “तरी त्या खिडकीत चहाचा कप ठेवला तं चहावर सुरकुती नाही पडे. भिंतीले माहीतच नाही राहे का आत काय चालू आहे ते. अन् आताच्या या इन्व्हर्टरनं कपाट वाजते, दोनशे अकरा.”

ही कपाची गोष्ट मी किमान तीसदा ऐकली असेल. ऐकली आणि सोडून दिली. भिंतीला का कळत नसे, हे मी एकदाही विचारलं नाही. नकाशे काढणाऱ्या माणसाने हे विचारायला हवं होतं, आणि या लिखाणात जो काही राग आहे त्यातला निम्मा त्या न विचारण्याचा आहे.

उरलेल्या रागाचं असं. कंपनीच्या मालकांचे वारस आता नागपूरला असतात. त्यांना हॉलच्या जागी दुकानांची इमारत उभी करायची होती. गावात कापसाला गिऱ्हाईक नव्हतं, बाजार समितीच्या आवारात गाड्या चार-चार दिवस उभ्या होत्या, जिनिंगचे कामगार हातगाड्या लावत होते. दुकानं मात्र सगळ्यांना बांधायची होती. त्या दुकानांतून कोण काय घेणार होतं हे मला आजही कळलेलं नाही. तर जुनी इमारत पाडायची, आणि पाडायला कारण हवं. वारसांनी आमच्या साहेबांना तपासणीचं काम दिलं. साहेबांनी मला टेप घेऊन पाठवलं.

चाचा त्या दिवशी फुलसावंगीला लेकीकडे गेले होते. ते गावात असते तर पुढचं काही घडलंच नसतं. मी हॉलमध्ये गेलो, भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या. जमिनीवर जुना बारदाना, सरकी, मोडक्या फळ्या यांचे ढीग पडले होते. दक्षिण भिंतीलगत चालायला तेवढी वाट मोकळी होती. त्या वाटेवर, भिंतीपासून तीन फुटांवर, मला जमिनीत एक लांब भेग दिसली. मी गुडघ्यावर बसून ती मोजली. नोंदवहीत लिहिलं: दक्षिण भिंतीलगत सलग भेग, लांबी बेचाळीस फूट तीन इंच, रुंदी सर्वत्र दोन इंच, खोली आतल्या कचऱ्यामुळे मोजता आली नाही. साहेबांनी त्याखाली एक वाक्य जोडलं: पाया खचून भिंत सुटत असल्याची दाट शक्यता. मोजमापाखाली सही माझी होती.

महिन्याभरात नगरपालिकेच्या कचेरीची नोटीस हॉलच्या दारावर लागली. इमारत धोकादायक, पाडण्याबाबत कोणाचं म्हणणं असल्यास पंधरा दिवसांत कळवावं.

चाचा फेरीला गेले, नोटीस वाचली, आणि इन्व्हर्टरनंतर पहिल्यांदा माझ्या दारात आले. आत आले नाहीत.

“दोनशे अकरा, बाहेर ये. भेग कोनं लिवली?”

“मी लिहिली, चाचा.”

“कायनं मोजली?”

“टेपनं.”

“टेपले डोळे राह्यते काय?”

माझ्या मोजमापावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं आणि मला त्यांचाच राग आला होता. म्हातारा माणूस, जीव आहे त्याचा त्या इमारतीवर, त्याला भेग बघवणार नाही, असा मी मनात त्यांचा निकाल लावून टाकला. दार लावून घेणार एवढ्यात ते म्हणाले, “चाबी तुह्यापाशी आहे ना? चाल. माह्या डोयानं मोज.”

चावी होती. काम पुरतं मिटलं नव्हतं म्हणून ऑफिसच्या पिशवीत तशीच राहिली होती. मी गेलो ते केवळ त्यांना गप्प करायला.

दारात त्यांनी चपला काढल्या. मी घातलेल्या ठेवल्या, मग काढल्या. त्यांनी ‘भेगे’कडे पाहिलंसुद्धा नाही. ते तिच्या टोकाला जाऊन उभे राहिले, जिथे ती बारदान्याच्या ढिगाखाली शिरत होती आणि जिथे मी मोजणं थांबवलं होतं.

“उचल.”

“काय?”

“पोते उचल. मी सत्तरीचा आहे, मी उचलू काय?”

मी पोती ओढली. सरकीची धूळ नाकातोंडात गेली. खाली भेग होतीच, पण ती सरळ पुढे गेली नव्हती. ती वळली होती. डावीकडे, गुण्यात, माझ्या टेबलावरच्या गुण्याला लाजवेल अशा नव्वद अंशांत. चौदा फूट जाऊन ती पुन्हा तशीच वळली. मी वेड्यासारखा पोती ओढत राहिलो आणि तासाभराने माझ्यासमोर जमिनीत एक संपूर्ण आयत होता. बेचाळीस फूट तीन इंच गुणिले चौदा फूट. चारही बाजूंना रुंदी दोन इंच.

चाचा काठी टेकून उभे होते. “तू नकाशे काढतं ना? भेग काटकोनात वळते काय रे?”

‘रुंदी सर्वत्र दोन इंच’ असं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. बेचाळीस फूट लांब आणि सगळीकडे मोजून दोन इंच अशी भेग या जगात पडत नाही. माझा आकडा बरोबर होता. त्या आकड्याने मला सगळं सांगितलं होतं आणि मी त्याच्यापुढे चुकीचा शब्द लिहून मोकळा झालो होतो.

“हे बेट आहे,” चाचा आयतात जाऊन उभे राहत म्हणाले. “याच्यावर तिन्ही इंजिनं बसत. हे बेट भिंतीले कुठंच शिवत नाही, जमिनीलेबी शिवत नाही. चारी बाजूनं फट ठेवली आहे. फटीत रेती. धक्का आला का रेती खाऊन घेते. ही पडली नाही, ही ठेवली आहे. भेग अन् फटीत फरक समजते काय तुमच्या साहेबाले?”

चहावर सुरकुती का पडत नव्हती, ते मला तीस वेळा ऐकून झाल्यावर त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे चारही बाजूंचा नकाशा ठेवला. त्यांनी तो पाहिला. साहेब हुशार आहेत, त्यांना एका नजरेत कळलं. म्हणाले, “बरं, मग?”

“अहवालातला शब्द बदलावा लागेल.”

“शब्दानं काय होते? त्यांना पाडायची आहे. भेग म्हणा का फट म्हणा.”

“फट असली तर पाडायला कारण नाही.”

“मग दुसरं सापडेल. तुम्ही कायले डोकं गरम करून राह्यले? तुमच्या बापाचं आहे काय ते?”

माझ्या बापाचं नव्हतं. सही मात्र माझी होती. मी एका पानाचं पत्र लिहिलं, माझ्या मोजमापात शब्दाची चूक झाली आहे, सोबत दुरुस्त नकाशा जोडला आहे, आणि स्वतः जाऊन कचेरीत देऊन पोच घेतली. त्यानंतर दोन महिने साहेबांनी मला फक्त शौचालयांचे नकाशे दिले. तेही मी प्रमाणात काढले.

पत्राचा परिणाम एवढाच झाला की पाडण्याआधी एकदा जागेवर तपासणी ठरली. ठरल्या दिवशी अकरा वाजता कचेरीतून एक अधिकारी बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, हातात फाईल, पायात बूट. वारसांच्या वतीने त्यांचे दिवाणजी आले. साहेबांनी तब्येतीचं कारण कळवलं. मी होतो आणि चाचा होते. चाचांनी पांढरा सदरा घातला होता. आज हे काय काय बोलतील या धास्तीने मी त्यांना रस्त्यात दोनदा समजावलं होतं. त्यांनी मला दोन्ही वेळा विचारलं, “तू माहा वकील आहे काय?”

दिवाणजींचं म्हणणं सोपं होतं. “म्याडम, फट होती असं मानलं तरी ती भरलेली होती याले पुरावा काय? आता जी माती आहे ते वरून पडलेली. इतके वर्षं गाठी ठेवल्या, झाडलोट झाली, सगळा कचरा खाली गेला. आत पोकळ आहे. पोकळ म्हंजे धोका.”

त्यांनी फटीत काठी घालून वर काढली. काठीला कापसाचे पुंजके चिकटले होते. बाईंनी लिहून घेतलं.

“रेती भरली होती असं तुमचं म्हणणं आहे,” त्या चाचांना म्हणाल्या. “तुम्ही इथे नोकरीला लागलात तेव्हा इमारत बांधून झालेली होती. मग तुम्हाला कसं माहीत?”

मी डोळे मिटले. आता भडका उडणार. पण चाचांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला.

“मी होतो ना इथं. पोटात.”

बाईंनी मान वर केली.

“माही माय रेती चाळत होती इथं. जैनब नाव तिचं. वाघाडी नदीची रेती बैलगाडीनं ये. पंधरा-वीस बाया चाळत. शेवटी शेवटी बाकीच्या सोडून गेल्या, पावसाच्या आधी संपवाचं होतं, तं माय एकटीच चाळे. सातवा महिना होता. गोरा साहेब होता एक इंजिनं बसवनारा. तो सांगे, एक खडा राह्यला तं खड्यावरून धक्का भिंतीले जाईन. माय म्हने, ज्वारीचा दाना पडनार नाही अशा चाळनीनं चाळली. माहा जलम झाला तवा ही फट भरून झाली होती. मले तिनं सांगतलं. मी इथं नोकरीले लागलो त्या दिवशी सांगतलं, का तिथं पाय देऊ नको, माही रेती आहे.”

मग दिवाणजी म्हणाले, “म्याडम, हे कागदावर कसं घेनार?”

खरं होतं. आईने सांगितलेलं कागदावर घेता येत नाही. पण मला त्यात एक आकडा दिसला होता. “घेता येईल,” मी म्हणालो. “वरून पडलेला कचरा असेल तर त्यात खडे निघतील. चाळलेली वाळू असेल तर निघणार नाहीत. ज्वारीच्या चाळणीवर काय उरतं ते मोजू.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. “आणा.”

मी घरी धावलो. बायकोला चाळणी मागितली.

“ज्वारीची? तिथं काय पेरून राह्यले?”

“रेती चाळायची आहे.”

“ते चाळनी माह्या मायनं देल्ली आहे,” ती म्हणाली. “वाकडी केली तं तिच्यासंगं तिथंच राह्यजा.” आणि तिने स्वतः पुसून ती माझ्या हातात दिली, वर एक बादली आणि लांब दांड्याचा, चिंचोळा पळा.

वरचे चौदा इंच सगळा कचराच निघाला. कापसाचे पुंजके, सरकी, विड्यांची थोटकं, खिडकीच्या काचेचा एक तुकडा. दिवाणजी हसले. मी खाली पालथा पडलो आणि दांडा टोकापर्यंत आत घालून पळा भरत राहिलो. चौदा इंचांखाली पळ्याचा आवाज बदलला. वर आली ती कोरडी, फिकट, साखरेसारखी वाहती वाळू. इतक्या वर्षांत तिला पाणी लागलं नव्हतं. मी एक बादली भरली.

चाळायला चाचा बसले. त्यांनी चाळणी हातात घेतली आणि डाव्या तळव्यावर तिचा काठ आपटत ती फिरवू लागले. पुरुष माणूस चाळणी अशी धरत नाही. बादली संपली. खाली बारदान्यावर वाळूचा ढीग झाला. बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी चाळणीत पाहिलं, मग बोट फिरवून पाहिलं. काहीच नव्हतं. एक खडा नाही, एक काडी नाही.

“किती लिहू?” त्यांनी मला विचारलं.

“शून्य.”

त्यांनी शून्य लिहिलं. मग उभ्या उभ्याच फाईलवर लिहीत म्हणाल्या, “भेग हा शब्द काढते आहे. हेतुपुरस्सर ठेवलेली, वाळूने भरलेली फट. या कारणासाठी इमारत धोकादायक नाही.”

‘या कारणासाठी’ हे शब्द मी ऐकले. दिवाणजींनीही ऐकले असणार. दुसरं कारण शोधायला ते त्याच दिवसापासून लागले असतील. पण त्या दुपारी बाई गेल्या, दिवाणजी गेले आणि हॉल उभा होता.

मी बादली आणि पळा गोळा करू लागलो. वाळू परत फटीत घालायची होती. बाहेर कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “गेली रे लाईट.” मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं नव्हतं. ते रिकामी चाळणी खिडकीकडे धरून बघत होते. भोकांतून उन्हाचे ठिपके त्यांच्या चेहऱ्यावर आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडले होते.

“काहीच नाही राह्यलं,” ते म्हणाले. मला वाटलं, ते कौतुकाने म्हणताहेत. कौतुक होतंही. “पाह्य, काहीच नाही ठेवलं तिनं.”

“कुठे नाव नाही का त्यांचं, चाचा? एखादा फोटो?”

त्यांनी मान हलवली. मग चाळणी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “एक बादली अजून चाळून पाहू काय?”

आता त्याची काही गरज नव्हती. आकडा लिहून झाला होता, सही झाली होती, आणि चाळणी घरी नेऊन द्यायची होती. मी पुन्हा पालथा पडलो, फटीत पळा घातला आणि दुसरी बादली भरायला घेतली.